छोट्या विमानात सामानाला जास्तीची जागा करता येते का?

गगनवेध

नमस्कार मंडळी,

विमानांवरचे जुने धागे चाळले, पण नेमका हा विषय कुठे सापडला नाही म्हणून नवा धागा काढतेय.

आमचं चार सीटचं सेसना १७२एस आहे. पुढे आम्ही दोघं, मागे दोन्ही मुलं आणि त्यांच्या पाठीमागे सामानाचा कप्पा. विमान गुणाचं आहे, फक्त हा कप्पा पुरत नाही. आमचं सामान जड नसतं, फुगीर असतं: तंबू, चार स्लीपिंग बॅगा, फोमच्या गाद्या, ट्रायपॉड, एक घडीची सायकल. कप्पा छताला टेकतो आणि उरलेलं मुलांच्या पायाशी येतं. ते मला अजिबात पटत नाही. घाईने बाहेर पडायची वेळ आली तर मुलांनी आधी पिशव्या उपसायच्या का?

वार्षिक तपासणीसाठी विमान उघडलं होतं तेव्हा कप्प्याची मागची भिंत काढलेली पाहिली. भिंत कसली, पातळ पॅनेल आहे, स्क्रू काढले की हातात येतं. आणि त्यामागे शेपटीपर्यंत निमुळती होत गेलेली केवढी तरी पोकळी! बॅटरी लावून आत बघत बसले होते मी. तिथे एखादी हलकी फळी टाकली तर गाद्या आणि स्लीपिंग बॅगा आरामात मावतील.

विचारायचं हे, की असं कोणी केलं आहे का? परवानगी कशी आणि कोणाकडून घ्यायची? की त्यापेक्षा पोटाखाली लावायचा सामानाचा डबा, म्हणजे पॉड, बरा? तपशिलात लिहिलंत तर फार मदत होईल.

---

पाना_नंबर_दहा

गगनवेधताई, प्रश्न रास्त आहे आणि तुम्ही फळी टाकायच्या आधी विचारताय याचं मनापासून बरं वाटलं. मी परवानाधारक देखभाल अभियंता आहे, त्यामुळे माझा प्रतिसाद लांबणार.

पुढच्या वेळी ते पॅनेल निघेल तेव्हा आत मान घालून एकेक वस्तू ओळखायचा प्रयत्न करा. एलेव्हेटरच्या (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) आणि रडरच्या (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) केबल तिथूनच शेपटीकडे जातात. एलेव्हेटरच्या ट्रिमची केबलही तिथूनच. त्यांच्या पुली, त्यांचे ब्रॅकेट, ऑटोपायलट असेल तर त्याचा सर्व्हो, शिवाय ईएलटी, म्हणजे अपघातानंतर ठिकाण कळवणारा आपत्कालीन ट्रान्समीटर. ईएलटी मुद्दाम जमेल तितका मागे बसवतात, कारण अपघातात शेपटीकडचा भाग शाबूत राहण्याची शक्यता जास्त. काही मॉडेलांत मुख्य बॅटरीसुद्धा कप्प्याच्या मागेच असते. म्हणजे ते पातळ पॅनेल नुसतं झाकण नाही. तुमची स्लीपिंग बॅग आणि एलेव्हेटरची केबल यांच्यामध्ये तेवढंच एक उभं आहे.

स्लीपिंग बॅगेचा एक सुटलेला बंद केबलबरोबर पुलीत गेला तर काय होईल ते सांगायला नको. जमिनीवर तपासताना स्टिक मोकळी फिरते. वर गेल्यावर, धक्के बसून सामान सरकल्यावर ती अडकते. म्हणून मान्यताप्राप्त विस्तारित कप्प्यात केबलचा मार्ग पूर्ण बंदिस्त केलेला असतो आणि तपासणीसाठी काढता येतील अशी झाकणं दिलेली असतात.

दुसरी गोष्ट फळीची. शेपटीचा तो भाग पातळ पत्रा, गोल फ्रेम आणि लांबीच्या दिशेने जाणाऱ्या स्ट्रिंगर यांचा बनलेला असतो. शेपटीकडून येणारा बाक आणि पीळ तो उत्तम पेलतो, पण वरून ठेवलेलं ओझं एका जागी घेण्यासाठी तो केलेला नाही. नॉर्मल कॅटेगरीच्या विमानाला ३.८ जीची, म्हणजे वजनाच्या ३.८ पट भाराची, मर्यादा असते. म्हणजे फळीवरचं २० किलोचं सामान त्या मर्यादेला ७६ किलोचं होतं, आणि त्यावर दीडपट सुरक्षा धरली की ११४ किलो. हा भार कोणत्या रिव्हेटमधून कोणत्या फ्रेमवर जाणार, याचं उत्तर कागदावर नसेल तर त्या कामावर कुठलाही अभियंता सही करणार नाही. करू नयेच.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. प्रमाणित विमानात असा बदल बहुतेक ठिकाणी मोठा बदल धरला जातो. सोपा रस्ता म्हणजे तुमच्या मॉडेलसाठी कोणाकडे एसटीसी, म्हणजे सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट (मूळ विमानातल्या बदलाला मिळालेली पूरक मंजुरी) असेल तर ते किट घेऊन बसवणं. आराखडा, भाराची गणितं, चाचण्या हे सगळं त्या एसटीसीधारकाने करून ठेवलेलं असतं. एफएएच्या, म्हणजे अमेरिकी विमान प्राधिकरणाच्या, अखत्यारीत अशा कामाची नोंद फॉर्म ३३७ वर होते. ईएएसए (युरोपचं प्राधिकरण) आणि इतर प्राधिकरणांची कागदपत्रं वेगळी, गाभा तोच. मॉडेल आणि सिरियल नंबर त्या एसटीसीच्या यादीत आहे का, ते पैसे भरण्याआधी बघा. एसटीसी नसेल तर स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते. त्यात वेळ जातो आणि हाती काही लागेलच असं नाही.

---

आघूर्ण

पाना काकांनी पत्रा आणि केबलींचं सांगितलं, मी वजनाचं सांगतो. मी उड्डाण प्रशिक्षक आहे. या विषयात एक घोळ मला वारंवार दिसतो: जागा आणि वजन यांत लोक फरकच करत नाहीत. कप्पा मोठा केला की जास्त सामान नेता येईल, असं गृहीत धरतात. कप्पा मोठा केल्याने जागा वाढते. वजनाची परवानगी वाढत नाही, उलट किटच्या स्वतःच्या वजनाइतकी ती कमीच होते.

तुमच्याच विमानाचं पुस्तक उघडा. १७२एसमध्ये कंपनीने सामानाचे दोन भाग केले आहेत. पहिला डेटमपासून, म्हणजे सगळी अंतरं जिथून मोजतात त्या ठरलेल्या जागेपासून, ८२ ते १०८ इंच, मर्यादा १२० पौंड, म्हणजे ५४ किलो. दुसरा त्याच्या मागे, १०८ ते १४२ इंच, मर्यादा ५० पौंड, म्हणजे २३ किलोही नाही. आणि दोन्ही मिळून? पुन्हा १२० पौंडच. मागे जास्तीची जागा द्यायची वेळ आली तेव्हा खुद्द कारखान्यानेही एकूण आकडा वाढवलेला नाही.

याचं कारण आघूर्ण. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड लागतं आणि कडीजवळ ढकललं तर बोटाने फिरतं, तसं मागचं प्रत्येक किलो पुढच्या किलोपेक्षा जास्त बळाने शेपटी खाली ओढतं.

आता आकडे धरून बोलू. डेटम फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या, पुढच्या बाजूला आहे. पुढच्या सीट ३७ इंचांवर, इंधन ४८ वर, मागची सीट ७३ वर, सामानाचा पहिला भाग ९५ वर. पूर्ण वजनाला, म्हणजे २५५० पौंड अर्थात ११५७ किलोला, गुरुत्वमध्य ४१ ते ४७.३ इंचांच्या आतच हवा. तुमच्या विमानाचं रिकामं वजन ७७० किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य ४० इंचांवर धरतो. हे दोन आकडे प्रत्येक विमानाचे वेगळे असतात, तुमच्या वजनपत्रकातून खरे घ्या. वजन किलोत आणि अंतर इंचांत घेतलंय, पण सगळीकडे एकच एकक ठेवलं की उत्तर बरोबर येतं.

पुढे दोघं मिळून १५० किलो, मुलं मिळून ६५ किलो, पहिल्या भागात पुरते ५४ किलो सामान. ११५७ पर्यंत ११८ किलो इंधन बसतं, म्हणजे साधारण १६४ लिटर. गुरुत्वमध्य येतो ४४.८५. छान, मध्यावर. आता समजा त्या पोकळीत १५० इंचांवर फळी टाकली आणि सामानातले २० किलो तिथे नेले. २० गुणिले ५५ (१५० वजा ९५) भागिले ११५७, म्हणजे गुरुत्वमध्य ०.९५ इंच मागे जातो आणि ४५.८ होतो. अजूनही मर्यादेत.

आता मुलांच्या जागी दोन मोठी माणसं बसवा, मिळून १५० किलो. पुढचे दोघं १६० धरा. सामान तेच ५४. इंधनाला उरतात २३ किलो, म्हणजे ३२ लिटर. हे विमान क्रूझला ताशी ३५ लिटरच्या आसपास पितं, म्हणजे तासभराचंही इंधन नाही आणि राखीव तर दूरच. गुरुत्वमध्य ४६.५९. अजून आत आहे, पण मागच्या भिंतीला टेकलाय. त्यातलेच २० किलो फळीवर नेले की ४७.५४. मर्यादेबाहेर. एकूण वजन एका ग्रॅमनेही वाढलेलं नाही, सामान फक्त जागेवरून हललं.

म्हणून गगनवेधताई, आज तुमच्या कुटुंबाला ती फळी गणितात बसते. मुलं मोठी होतील तसतशी ती बसेनाशी होईल. आणि भागीदार, मित्र, जो कोणी हे विमान उडवेल, तो त्या फळीवर काय ठेवेल ते तुमच्या हातात नाही.

---

उडत_उडत

आघूर्ण, काय सुंदर उलगडून सांगितलंत! वाचनखूण साठवली. परीक्षेसाठी ही गणितं पाठ केली होती, फळीचं उदाहरण वाचून आज डोक्यात बसली.

एक शंका: गुरुत्वमध्य थोडा मागे असला की विमान वेगाने जातं असं ऐकलंय, मग मागची मर्यादा इतकी कडक का?

---

आघूर्ण

ऐकलंय ते खरं आहे. गुरुत्वमध्य मागे असेल तर आडव्या शेपटीला खाली कमी दाबावं लागतं, पंखावरचा भारही तेवढा कमी होतो आणि थोडा वेग मिळतो. पण तो मागे सरकतो तशी विमानाची स्वतःहून सरळ होण्याची प्रवृत्ती कमी होत जाते. स्टिक हलकी लागायला लागते. थोड्या ओढीने नाक भसकन वर येतं. स्टॉल झाला, म्हणजे पंखांची उचल तुटली, तर नाक खाली पाडायला एलेव्हेटरकडे बळ अपुरं पडतं आणि स्पिनमधून, म्हणजे गरगरत खाली पडण्यातून, बाहेर येणं अवघड होतं, कधी अशक्य.

याच १७२ला युटिलिटी कॅटेगरीत उडवायचं तर पुस्तक सांगतं, मागची सीट रिकामी आणि सामानाचा कप्पाही रिकामा. स्पिनला त्याच कॅटेगरीत परवानगी आहे. मागच्या वजनाची कंपनीला किती धास्ती आहे, ते या एका अटीतून दिसतं.

---

रानपाखरू

मी जुनं सेसना १८२ उडवतो आणि माझ्या विमानात एसटीसीवाला विस्तारित कप्पा बसवलेला आहे, म्हणून अनुभव लिहितो.

१८२ची गोष्ट मुळात वेगळी. पुढे इंजिन जड, त्यामुळे दोघंच बसलो की विमानाचं नाक जड होतं. उतरताना फ्लेअरला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, भरपूर ओढावं लागतं, नाहीतर नाकाचं चाक आधी टेकतं. अशा वेळी मागे थोडं वजन असणं चांगलंच. बरेच १८२वाले एकटे उडताना मागे पाण्याचा कॅन बांधून ठेवतात तो याचसाठी. मला विस्तारित कप्प्याचा त्रास न होता फायदाच झाला, पण ते श्रेय १८२च्या जड नाकाचं. १७२ला तसंच होईल असं धरून चालू नका.

कप्पा कंपोझिटचा, एकसंध साच्यातून काढलेला, आतून गुळगुळीत. जुन्या पॅनेलच्या जागी बसतो आणि शेपटीकडे निमुळता होत जातो. सर्वात उपयोग लांब वस्तूंना. तंबूचे दांडे, गळ टाकायच्या काठ्या, स्की असलं काही आधी सीटच्या मधून पुढे यायचं, आता सरळ मागे शिरतं. नवीन भागावर वजनाची वेगळी मर्यादा आहे, पाटी लावलेली आहे, आणि ती मर्यादा खूप लहान आहे. पूर्ण कप्प्याची बेरीज आधी होती तेवढीच.

दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही. पहिली: दार तेच राहतं. सगळं सामान त्याच छोट्या दारातून जातं आणि अगदी मागची वस्तू काढायला अर्धं शरीर आत घालावं लागतं. त्यामुळे रस्त्यात लागेल असं काही मागे ठेवायचं नाही. दुसरी: वार्षिक तपासणीत मेकॅनिकला शेपटीत शिरायचं तर आधी हा कप्पा पूर्ण काढावा लागतो. कामाचे तास वाढतात.

---

मंदवारा

सगळे फार घाबरवताय असं वाटतं. मला या छंदात बरीच वर्षं झाली. कंपन्या आकडे राखूनच देतात, कायद्याच्या भीतीने. दीडपट सुरक्षा आहे म्हणजे तेवढं विमान पेलणारच ना? दहावीस किलो इकडेतिकडे झाल्याने विमान पडत नाही.

---

आघूर्ण

मंदवारा, अनुभवाचा आदर आहे, पण हे मला लिहावंच लागेल, कारण असे प्रतिसाद नवीन मंडळी वाचतात.

दीडपट सुरक्षा सामानासाठी ठेवलेली नाही. पत्र्याच्या गुणवत्तेतला फरक, वयोमान, गंज, नकळत घेतलेला जोराचा झटका, यांच्यासाठी ती राखलेली आहे. ती आधीच खर्च केली तर वादळी हवेत तुमच्याकडे काय उरतं?

आणि मागची मर्यादा पत्र्याच्या ताकदीवर ठरलेलीच नाही, विमानाच्या वागण्यावर ठरलेली आहे. नॉर्मल कॅटेगरीच्या जुन्या नियमांत एक फेरा किंवा तीन सेकंदांचा स्पिन घेऊन पुढच्या एका फेऱ्याच्या आत बाहेर येऊन दाखवावं लागे. चाचणी वैमानिकाने जे करून दाखवलं ते मर्यादेच्या आत. मर्यादेच्या बाहेर हे विमान कसं वागतं ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. रोजच्या सरळ उड्डाणात ते काहीच वेगळं वाटणार नाही, म्हणूनच लोकांना वाटतं की चालतंय. फरक कळतो तो फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे येण्याच्या शेवटच्या टप्प्यात, हळू वेगात वळताना, आणि तिथे हाताशी उंची नसते.

---

मंदवारा

मर्यादा वागण्यावर ठरते, ताकदीवर नाही, हा मुद्दा मी असा कधी पाहिला नव्हता. मान्य. पाण्याच्या कॅनचा उपाय मीही करतो, त्याचंही वजन यापुढे पत्रकात धरेन.

---

घरचं_विमान

मी स्वतः विमान बांधणाऱ्यांपैकी. व्हॅन्सचं आरव्ही-८ बांधतोय. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे: जागा शोधायची तर शेपटीत का, गुरुत्वमध्याच्या जवळ किंवा पुढे का नाही?

आरव्ही-८मध्ये पुढे, इंजिन आणि पॅनेलच्या मध्ये एक सामानाचा कप्पा आहे आणि मागच्या सीटच्या पाठीमागे दुसरा. दोन माणसं एकामागोमाग बसतात, मागे माणूस बसला की गुरुत्वमध्य मागे जातो, तो पुढच्या कप्प्याने सावरता येतो. पायपर चेरोकी सिक्समध्येही हेच: इंजिन आणि केबिनच्या मध्ये १०० पौंडांचा कप्पा, मागे १०० पौंडांचा. सेसना ३१०सारख्या दुहेरी इंजिनांच्या विमानांत इंजिनच्या मागे पंखातच लॉकर आहेत. वजन गुरुत्वमध्याजवळ राहतं आणि केबिनमध्ये अडगळ होत नाही. नवीन विमान घेणाऱ्यांनी सीट मोजतात तसे कप्पे कुठे आहेत तेही बघावेत.

स्वतः बांधलेल्या विमानात बदल करायची मोकळीक जास्त, जबाबदारीही पूर्ण आपली. माझ्या ओळखीच्या एका बांधकऱ्याने मागे शेल्फ केलं, पण त्याआधी बॅटरी शेपटीतून काढून फायरवॉलवर आणली. बॅटरीचं वजन पुढे आल्यामुळे मागे थोडी मुभा मिळाली. नंतर तिन्ही चाकांखाली काटे ठेवून, विमान पातळीत धरून पुन्हा वजन केलं, आणि वाळूच्या पिशव्या बांधून गुरुत्वमध्य टप्प्याटप्प्याने मागे नेत उडवून पाहिलं. प्रत्येक टप्प्यावर स्टॉल, स्टिकचा जोर, ट्रिम, सगळं लिहून ठेवलं. इतकं करायची तयारी असेल तरच बदल करावा, असं मला मनापासून वाटतं.

---

गगनवेध

सगळ्यांचे किती आभार मानू! बॅटरी हलवायचा मार्ग आमच्याकडे बंद दिसतो, आमच्या विमानात ती आधीच पुढे फायरवॉलवर आहे.

पॉडबद्दल कोणी सांगेल का?

---

तिसरं_चाक

पॉडवर मी लिहिते. आमच्या क्लबात एका सेसना २०६ला पॉड आहे. सेसनाच्याच कॅरॅव्हॅन विमानाला तर तो इतका सर्रास दिसतो की पॉडशिवायचं कॅरॅव्हॅन उघडं वाटतं.

पॉडचा मोठा गुण म्हणजे तो पंखाखाली, गुरुत्वमध्याच्या आसपास असतो. शेपटी ओढली जात नाही. घाण, ओलं, वास येणारं सामान केबिनच्या बाहेर राहतं. प्रवाशांच्या पाठीमागे काही उरत नाही, त्यामुळे अचानक थांबलं तर डोक्यावर काही येत नाही.

दोष असे. हवेचा विरोध वाढतो, त्यामुळे क्रूझचा वेग आणि चढण दोन्ही कमी होतात, आणि विमान लहान, इंजिन कमी ताकदीचं असेल तर ते जास्त बोचतं. जमिनीपासूनची उंची घटते. खडबडीत धावपट्टीवर उडालेले खडे पॉडच्या पुढच्या तोंडावर बसतात. एक्झॉस्टचा पाइप जिथे उघडतो तिथून धूर पॉडच्या अंगावरून जातो, म्हणून दाराचं सील आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर, दोन्ही चोख हवं. इंधन तपासायचे ड्रेन पॉडमुळे झाकले जात नाहीत ना, तेही पाहावं लागतं. आणि पॉडचं वजन कायमचं रिकाम्या वजनात जमा होतं, तुम्ही तो भरा नाहीतर रिकामा ठेवा.

२०६ला ३०० घोड्यांचं इंजिन आहे, १७२एसला १८० घोड्यांचं. गगनवेधताई, तुमच्या विमानाला मी पॉड सुचवणार नाही.

---

पाना_नंबर_दहा

तिसरं_चाक यांनी अचानक थांबण्याचं काढलं, ते राहूनच गेलं होतं. जागा वाढवण्याच्या चर्चेत सामान बांधण्याकडे हटकून दुर्लक्ष होतं.

एफएएच्या छोट्या विमानांच्या नियमांची, म्हणजे भाग २३ची, २०१७ला फेररचना झाली. त्याआधीच्या मजकुरात आणीबाणीच्या उतरणीसाठी प्रवाशांना पुढच्या दिशेने ९ जी धरलेले होते, आणि केबिनमधल्या ज्या वस्तू माणसाला इजा करू शकतील त्यांच्यासाठी १८ जी. म्हणजे १० किलोची बॅग १८० किलोच्या जोराने पुढे येऊ पाहते. तिच्या वाटेत असते मागच्या सीटवरच्या मुलाची पाठ. तुमचं विमान नेमकं कोणत्या नियमावलीवर प्रमाणित झालं ते टाइप सर्टिफिकेटच्या माहितीपत्रकात दिसेल. पण नेट बांधताना मी १८चाच आकडा डोक्यात ठेवतो.

फरशीतल्या कड्यांना अडकणारं मूळ नेट वापरा. साधे लवचीक दोर कामाचे नाहीत, ते ताणले जातात आणि वस्तू सुटते. छतापर्यंत रचलेल्या ढिगावर नेट टाकलं की ते वरून दाबतं, पुढून अडवत नाही, हे पण बघा. सायकल सगळ्यात खाली, सगळ्यात पुढे, सीटच्या पाठीला टेकवून. मऊ सामान तिच्या मागे आणि वर. पॉवरबँक आणि लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या कप्प्यात अजिबात नकोत, हाताला लागतील अशा जागी ठेवा. उड्डाणात मागच्या कप्प्यात धूर निघाला तर तिथे पोहोचणार कसं?

आणि फळी असो, गालिचा असो की फोमचं अस्तर, कप्प्यात कायमचं काही बसवलं तर ते ज्वालारोधक असल्याचा कागद हवा.

---

बोनान्झाप्रेमी

एक छोटीशी भर. इंधन जळताना गुरुत्वमध्य कुठे सरकतो तेही गणितात घ्या. १७२चं इंधन गुरुत्वमध्याच्या जवळच असल्याने फार फरक पडत नाही. पण बोनान्झाच्या टाक्या पंखाच्या पुढच्या कडेला, गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. इंधन संपत जातं तसा गुरुत्वमध्य मागे सरकत जातो. निघताना सगळं मर्यादेत आणि उतरताना बाहेर, असं होऊ शकतं. म्हणून बोनान्झावाले निघतानाचं आणि रिकाम्या टाकीचं, अशी दोन्ही गणितं मांडतात.

---

गगनवेध

तुमच्या सगळ्यांच्या सांगण्यावरून काल घरातला सगळा पसारा काट्यावर ठेवला. तंबू ६.५ किलो. चार स्लीपिंग बॅगा मिळून ५.६. गाद्या ३. ट्रायपॉड २.२. सायकल १२. कपड्यांच्या आणि बाकीच्या बॅगा १४. बेरीज ४३.३ किलो, म्हणजे ५४च्या बरीच आत. वजनात आम्ही कुठेच अडत नाही. जागा खातात त्या गाद्या आणि स्लीपिंग बॅगा, ज्यांचं वजन जेमतेम साडेआठ किलो.

म्हणून ठरवलंय की आधी त्या दोन्हींसाठी पट्ट्यांनी आवळायच्या पिशव्या घ्यायच्या. एक पिशवी मागवून पाहिली, स्लीपिंग बॅग निम्म्यावर आली. फोमच्या गाद्या आवळल्या जात नाहीत, त्या बदलून हवा भरायच्या घेणार. कडक सुटकेस बंद, सगळं मऊ बॅगांत. एवढं करून मुलांच्या पायाशी काही उरलं नाही तर विषय तिथेच मिटला. उरलंच तर आमच्या सिरियल नंबरला लागू होणारं एसटीसी किट आमचे अभियंते शोधतील. स्वतःची फळी मात्र नाही.

पाना काका, एक शेवटचं. उद्या किट बसवलंच तर कागदावर काय काय बदलायचं? आणि ती मर्यादेची पाटी कुठे?

---

पाना_नंबर_दहा

काट्यावर ठेवून पाहिलंत, फार चांगलं केलंत.

किट बसवलं की रिकामं वजन आणि त्याचा गुरुत्वमध्य दोन्ही बदलतात. नवीन वजनपत्रक करून घ्या. किट हलकं असेल तर गणिताने भागतं, पण शेवटचं प्रत्यक्ष वजन जुनं असेल तर विमान काट्यावर घ्याच. रंग, नवीन रेडिओ, अस्तरं यांनी वर्षानुवर्षं वजन चढलेलं असतं आणि कागद मात्र तोच राहतो. उपकरणांच्या यादीत किटची नोंद, लॉगबुकात कामाची नोंद, आणि एसटीसीबरोबर येणारी पुरवणी उड्डाणपुस्तकाला जोडलेली. पुरवणीतलं नव्या भागाचं अंतर तुमच्या रोजच्या गणिताच्या तक्त्यात घाला, नाहीतर जुनाच ९५चा आकडा वापरला जातो.

पाटी सामानाच्या दाराच्या आतल्या बाजूला किंवा नव्या भागाच्या तोंडाशी, किटच्या आराखड्यात जिथे दाखवली असेल तिथेच. सामान भरणाऱ्याला दार उघडताक्षणी ती वाचता आली पाहिजे. भागीदाराला बोलावून त्याच्याकडून एकदा कप्पा भरून घ्या, तक्त्यात आकडे त्यालाच घालू द्या आणि तुम्ही बाजूला उभ्या राहून बघा.

---

उडत_उडत

आघूर्ण, तुमचं चौघांचं गणित तक्ता करून वेगळ्या धाग्यात टाकाल का? माझ्या पायपर आर्चरचे आकडे घालून पाहायचे आहेत. तिथे कप्प्याला २०० पौंड चालतात, पण अंतर १४२.८ इंच आहे. डेटम वेगळा असल्याने १७२शी थेट तुलना करायची नाही, एवढं आता कळलंय.

---

आघूर्ण

टाकतो या आठवड्यात. तोवर तुमच्या विमानाचं सर्वात अलीकडचं वजनपत्रक शोधून ठेवा. पुस्तकात छापलेलं नमुन्याचं नको, तुमच्याच सिरियल नंबरचं.